न तुटलेला पट्टा

लखनौला जाऊन आले म्हटलं की लोक दोनच गोष्टी विचारतात. कबाब खाल्ले का, आणि चिकनचे कुर्ते आणले का. यावेळी मी दोन्हीतलं काही केलं नाही. नवरात्र होतं म्हणून कबाब राहिले आणि कुर्ते आणायला सवड झाली नाही, कारण मी लखनौला गाडीचा पट्टा बदलायला गेले होते. हे ऐकून साताऱ्यातल्या माझ्या मैत्रिणी अशा बघतात की जणू मी दळण आणायला काशीला गेले होते.

निमंत्रण आईचं होतं. ती फोनवर म्हणाली, "गाडीचा टायमिंग बेल्ट काढायची वेळ झाली आहे. खंडेनवमीच्या आत काढायचाय. तू ये." माझा भाऊ श्री हैदराबादला असतो. त्याला कळल्यावर त्याने त्याच गाडीत आपलं सामान चढवलं. म्हणाला, "जातेच आहेस तर आईला सांग, आता गाडी चालवणं बंद कर म्हणून. पंच्याहत्तरी उलटली तिची. मी विषय काढला की ती फोन ठेवते." मी म्हटलं, काही झालंय का? तो म्हणाला, "काही झाल्यावर सांगायचं का?" म्हणजे आईच्या मते मी पट्टा बदलायला चालले होते आणि भावाच्या मते आईच्या हातातलं स्टिअरिंग काढून घ्यायला. परतीचं तिकीट दसऱ्यानंतरचं होतं.

चारबाग

आगगाडीतल्या प्रवासाबद्दल सांगण्यासारखं एवढंच, की ती पोचली. चारबागच्या लाल-पांढऱ्या घुमटांखाली उतरलं की मला आजही शाळेची सुट्टी संपल्यासारखं वाटतं. लहानपणी उन्हाळ्यात साताऱ्याहून आम्ही भावंडं परत यायचो तेव्हा बाबा इथेच न्यायला उभे असायचे, आणि बाहेर गाडीत आई.

हे उलटं वाटेल, पण आमच्या घरी गाडी आई चालवायची. बाबा रेल्वेत इंजिनिअर. डिझेल इंजिनांच्या शेडमध्ये त्यांची हयात गेली, पण स्वतःची गाडी त्यांनी कधी चालवली नाही. रूळ नसलेल्या रस्त्यावर त्यांचा विश्वासच नव्हता. कोणी कुठूनही येतो, म्हणायचे. आई आलमबागच्या रेल्वे कॉलनीच्या मैदानात, नऊवारीतून नुकतीच सहावारीत आलेली, एका ड्रायव्हरकडून चालवायला शिकली. तेव्हापासून घरात कामाची वाटणी ठरली. चालवायचं आईने, आणि गाडीचा कुठला भाग कधी बदलायचा ते बाबांनी ठरवायचं.

यावेळीही ती बाहेर उभी होती. सुती साडी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, बोटात किल्ली. मी वाकून नमस्कार केला तर म्हणाली, "राहू दे, मागे ऑटोवाला हॉर्न देतोय, सामान टाक."

चारबागसमोरच्या गर्दीतून गाडी काढणं म्हणजे काय ते ज्याने पाहिलं नाही त्याला सांगून कळणार नाही. ई-रिक्षा समोरून येतात, बाजूने येतात, आणि एखादी तर चक्क मागे मागे येते. आई त्यातून शांतपणे निघाली. एक स्कूटरवाला अचानक आडवा आला, तिने हळूच ब्रेक दाबला, काच खाली केली आणि म्हणाली, "भैया, घर पे कोई राह देख रहा होगा ना?" तो चक्क ओशाळला. मी श्रीला मनात म्हटलं, ये आणि तूच सांग हिला.

फक्त एक गोष्ट दिसली. उजवीकडे बघायचं झालं की आई मान वळवत नव्हती, खांद्यासकट सगळी वळत होती. मी ते पाहिलं आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

गोमती नगर

गोमती नगरातला आईचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर आहे. आमच्या लहानपणी या बाजूला मुद्दाम यावं असं काही नव्हतं. आता मॉल आहेत, काचेची ऑफिसं आहेत आणि त्यांच्या दारात हातगाडीवर हिरवे-लाल शिंगाडे. ऑक्टोबरातले कोवळे शिंगाडे साताऱ्यात मिळत नाहीत. मी पहिल्या दिवशी इतके खाल्ले की रात्रीच्या जेवणाला रजा दिली. आईचा उपास होता. तिच्या ताटात आमच्या पद्धतीची साबुदाण्याची खिचडी, शेजारच्या मिश्राइन भाभींनी पाठवलेल्या कुट्टूच्या, म्हणजे तिथल्या उपासाच्या पिठाच्या, पुऱ्या आणि दही. आपल्याकडे भगर म्हणतात ती इथे 'सामा के चावल' होते आणि तिची खीर करतात. मला ती मान्य नाही. भगरीला आमटीच हवी.

मिश्राइन भाभींना आई दर मंगळवारी हनुमान सेतूच्या मंदिरात गाडीने नेते. मग सब्जी घेऊन दोघी परत येतात. "तुम्हारी मम्मी न हों तो हम तो घर में ही बैठे रह जाएँ," भाभी मला कौतुकाने म्हणाल्या. माझ्या कामात त्यांची भर पडली. आता मला दोघींचे मंगळवार बंद करायचे होते.

संध्याकाळी चहाला मी सुरुवात केली. "आई, गाडी चालवताना तुला दमायला होतं का गं?"

"तुला दमायला होतं का चार मजले चढून?"

"लिफ्ट आहे."

"गाडीलाही इंजिन आहे. मी ढकलत नाही."

विषय तिथेच संपला. मी बिस्किट बुडवलं, ते तुटून कपात गेलं.

कानपूर रोड

रिझवान भाईंचं गॅरेज सरोजिनी नगरात, विमानतळाच्या अलीकडे, कानपूर रोडच्या आत एका गल्लीत आहे. गोमती नगरहून तिथे जायचं म्हणजे अख्खं शहर ओलांडायचं. वाटेत चार गॅरेजं लागतात, पण बाबांचं ठरलेलं होतं म्हणून ते गेल्यावर आईचंही ठरलेलं. रिझवान भाईंची दाढी आता पांढरी झाली आहे. आईला ते भाभीजी म्हणतात आणि मला, माझे केस पांढरे दिसत असूनही, बिटिया.

त्यांनी बॉनेट उघडलं, पट्ट्यावरचं झाकण काढलं आणि टॉर्च मारला. "भाभीजी, बेल्ट तो टनाटन है. न दरार, न तेल. और गाड़ी चली ही कितनी है? चलती चीज़ को क्यों छेड़ें?"

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. मला स्वतःला ते बाबांनी जेवणाच्या टेबलावर, वाटी आणि चमच्यांनी समजावलेलं आहे. इंजिनात पिस्टन खालीवर होतात आणि वरच्या झडपा उघडमीट करतात. दोघांची वेळ जुळवायचं काम हा दातेरी रबरी पट्टा करतो. तो तुटला तर झडप खाली आणि पिस्टन वर अशी टक्कर होते आणि अख्खं इंजिन कामातून जातं. आणि मुख्य म्हणजे तो तुटण्याआधी सहसा काही बोलत नाही. आवाज नाही, वास नाही. सकाळी ठीक असतो आणि दुपारी हायवेवर नसतो.

"किलोमीटर नहीं हुए, साल तो हुए ना?" आई म्हणाली. "रबर खड़े-खड़े भी बूढ़ा होता है, रिझवान भाई. साहब क्या कहते थे?"

रिझवान भाई हसले. "साहब तो रेल की तरह गाड़ी चलवाते थे. तारीख़ आई, पुर्ज़ा उतरा."

तेच तर होतं. शेडमधलं इंजिन कितीही छान धावत असलं तरी ठरलेली वेळ आली की आत यायचं आणि ठरलेले भाग उतरायचे. बाबांनी हाच नियम आमच्या छोट्या गाडीला लावला होता. पण सरसकट नाही. त्यांनी गाडीच्या भागांचे स्वभावावरून दोन गट पाडले होते, तक्रार करणारे आणि गप्प राहणारे. ब्रेकचे पॅड किरकिरतात, क्लच जड होतो, पंख्याचा पट्टा किंचाळतो. त्यांचं ऐकायचं आणि मग बदलायचं. टायमिंगचा पट्टा, पाण्याचे रबरी पाइप हे सोसणारे. त्यांना विचारत बसायचं नाही, वेळ झाली की उतरवायचं.

आईच्या हट्टापुढे हात टेकल्यावर रिझवान भाईंना चेव आला. "तो फिर वॉटर पंप भी बदल दें. वहीं तक तो खोलना है."

"वो तो बदलना ही है, टेन्शनर भी," आई म्हणाली. टेन्शनर म्हणजे पट्टा ताणून धरणारं चाक.

"और क्लच प्लेट?"

"क्लच को रहने दीजिए. वो बोलेगा. मैं सुन लूँगी."

संध्याकाळपर्यंत गाडी मिळणार होती. मी शेजारच्या टपरीवरून उपासाचे बटाटे घेऊन आले तेव्हा आई आणि रिझवान भाई हळू आवाजात काही बोलत होते. मी दिसल्यावर थांबले. रिझवान भाईंनी मान खाली घालून फडक्याने हात पुसले. हात आधीच पुसलेले होते. मला वाटलं, पंपाच्या दर्जावरून घासाघीस चालली असेल.

आलमबाग

गाडी नव्हती म्हणून आम्ही ई-रिक्षाने जुनी रेल्वे कॉलनी बघायला गेलो. वाटभर आईने त्या रिक्षावाल्याचं मनातल्या मनात शिक्षण चालवलं होतं. तो वळला की तिचा हात इंडिकेटर द्यायला जायचा. डोक्यावरून मेट्रो गेली आणि मला उगाच वाईट वाटलं. आमच्या वेळी या रस्त्यावर संध्याकाळी सायकलींच्या घंट्या ऐकू यायच्या. आता मेट्रोने आई अर्ध्या शहरापर्यंत बसून जाऊ शकते, हे माझ्या बाजूचं चांगलं मुद्द्याचं वाक्य होतं. मी ते तोंडाशी आणून परत गिळलं.

कॉलनीत शिरल्यावर मी रिक्षातून उडी मारून थेट आमच्या क्वार्टरच्या दाराशी गेले. तोच पिवळा रंग, तीच पायरी. पायरीवर बसून मी रडायच्या बेतात होते, तेवढ्यात आतून एक बाई आल्या. मी भडाभडा सांगून टाकलं की इथे मी वाढले, या खिडकीत माझं अभ्यासाचं टेबल होतं. त्यांनी मला आत नेलं, बसवलं, पाण्याबरोबर वाटीत पेढा ठेवला. आपल्याकडे पाहुण्याला आधी पाण्याचा तांब्या पुढे करतात, इथे नुसतं पाणी कोणी देत नाही, गोड काहीतरी हवंच. "व्रत वाला है, खा लीजिए," त्या म्हणाल्या. मी खाल्ला, डोळे पुसले, खिडकीवरून हात फिरवला.

बाहेर आले तर आई रिक्षात बसून हसत होती. "आपलं घर मागच्या ओळीत होतं. मेधा, हे पांडेजींचं."

मागच्या ओळीतलं आमचं क्वार्टर बंद होतं. पण समोरचं कांचनाराचं झाड होतं. आपल्याकडे आपट्याची पानं सोनं म्हणून देतात. लखनौला आपटा कोण आणणार? तेव्हा लखनौतली मराठी मंडळी दुभंगलेल्या पानावर समाधान मानून कांचनाराची पानं वाटायची. आपट्यापेक्षा चांगली तळहाताएवढी. मी लग्न होऊन साताऱ्याला गेले तेव्हा पहिल्या दसऱ्याला सासूबाईंनी हातावर आपट्याचं पान ठेवलं आणि मी म्हटलं, एवढंसंच? ते त्यांनी बरीच वर्षं लक्षात ठेवलं.

याच झाडाखाली खंडेनवमीला गाडी धुवून उभी राहायची. आणि पाटावर, बाबांच्या पान्यांच्या शेजारी, त्या वर्षी गाडीतून उतरवलेले भाग मांडलेले असायचे. कॉलनीतल्या लोकांना याचं फार नवल वाटायचं. त्यांच्याकडे विश्वकर्मा पूजेला औजारं पुजतात, पण काढून टाकलेल्या रबरी पाइपला हळदीकुंकू लावणारं घर आमचंच. बाबा त्याला सेवानिवृत्ती समारंभ म्हणायचे. पाइपला शाल म्हणून हातरुमाल, पुढे नारळ, आणि मग बाबांचं भाषण. ऑफिसातल्या निरोप समारंभासारखं, अगदी खाकरून. "आपण इतकी वर्षं विनातक्रार सेवा केलीत. आपली प्रकृती उत्तम असतानाच आपण निवृत्त होत आहात, याचा आम्हाला अभिमान वाटतो. आपणांस विश्रांतीचे सुख लाभो." मी आणि श्री टाळ्या वाजवायचो. आई पदराने तोंड झाकून हसायची.

झाडाच्या चार डहाळ्या आम्ही घेतल्या. आईने एक पान उचलून पर्समध्ये नीट ठेवलं.

संध्याकाळी रिझवान भाईंनी उतरवलेला पट्टा माझ्या हातात दिला. मी तो उलटा करून पाहिला, दुमडून पाहिला. कुठे एक चीर नाही, एक दात झिजलेला नाही.

"आई, हा तर अजून चालला असता."

"असेल."

"मग बदलायची गरज होती की नव्हती?"

"ते कळत नाही," आई सीटबेल्ट लावत म्हणाली. "वेळेवर काढला तर कधीच कळत नाही. कळलं म्हणजे उशीर झालेला असतो."

आम्ही परत निघालो. कानपूर रोडवरून चारबाग, तिथून हजरतगंज आणि मग नदी. पुलावर तिने गाडी नेहमीपेक्षा हळू घेतली. मागच्यांनी हॉर्न दिले तरी तिने वेग वाढवला नाही. मला वाटलं नव्या पट्ट्याला सरावू देत असेल.

खंडेनवमी

सकाळी आईने पाट मांडला. बाबांचे पाने, स्क्रू ड्रायव्हर, विळी, शिवणाची कात्री, माझा लॅपटॉपसुद्धा. मधोमध जुना पट्टा आणि जुना वॉटर पंप, त्यांच्यावर झेंडू. मिश्राइन भाभी खुर्चीत बसल्या होत्या. त्यांना हा समारंभ पाठ होता. श्रीला मी व्हिडिओ कॉलवर घेतलं. तो माझ्याकडे बघून भुवया उडवत होता, सांगितलंस का म्हणून. मी नकारार्थी मान हलवली. परवाचं तिकीट होतं.

"बाबांचं भाषण आता तू कर," आई म्हणाली.

मी खाकरले. "आपण इतकी वर्षं..."

"थांब. अजून एक आहे."

ती आत गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात तिचं ड्रायव्हिंग लायसन्स होतं. पट्ट्याला थोडं बाजूला सरकवून तिने ते पाटावर ठेवलं. हळद लावली, कुंकू लावलं, आणि त्याच्यावर कालचं कांचनाराचं पान ठेवलं. फोटोतली आई पानाखालून अर्धी दिसत होती.

फोनमधून श्री म्हणाला, "आई, अगं काही झालंय का?" हा प्रश्न मी त्याला विचारला होता तोच होता.

"काही झालेलं नाही. म्हणून तर." मग ती माझ्याकडे वळली. खांद्यासकट. "तुझ्या बाबांना मी एकदा विचारलं होतं, गाडीचं सगळं तुम्ही ठरवता, मी कधी उतरायचं ते पण सांगून ठेवा. ते म्हणाले, ते मला नाही जमणार, तुझं तूच बघ. फक्त लक्षात ठेव, तू गप्प राहणाऱ्यांतली आहेस."

मला रडू आलं. अगदी साधं, लहान मुलासारखं. इतके दिवस जे वाक्य मी तोंडात घोळवत होते ते तिने माझ्याकडून काढून घेतलं होतं, आणि मला हलकं वाटायच्या ऐवजी वाटत होतं की कोणीतरी तिला म्हणावं, अजून चालव, चांगली चालवतेस.

"मग नवा पट्टा कशाला घातलास?" मी नाक पुसत विचारलं.

"कमाल करतेस. मी उतरतेय, गाडी नाही. पुढच्याला चार्ज द्यायचा तर इंजिन नीट असायला नको?" ती म्हणाली. "रिझवान भाईंच्या ओळखीचा एक ड्रायव्हर आहे, मंगळवारी येईल. भाभीजी, मंदिर पक्का है."

मिश्राइन भाभींनी डोळ्यांना पदर लावला. "पर वो आपके जैसा थोड़ी चलाएगा."

"पुढे बोल," आई मला म्हणाली.

मी बोलले. "आपण इतकी वर्षं विनातक्रार सेवा केलीत. आपली प्रकृती उत्तम असतानाच..." उरलेलं श्रीने फोनमधून पुरं केलं, बाबांसारखं खाकरून. टाळ्या मिश्राइन भाभींनी वाजवल्या. आई पदराने तोंड झाकून हसली.

दसरा

दसऱ्याला सोनं द्यायला आधी रिझवान भाईंकडे जायचं ठरलं. आईने किल्ली माझ्या हातात दिली आणि वळसा घालून गाडीच्या डाव्या बाजूला गेली. दार उघडून क्षणभर उभी राहिली. ही बाबांची जागा. मग बसली, मांडीवर कांचनाराच्या पानांची पिशवी घेतली.

मी साताऱ्यात रोज गाडी चालवते, घाट चढते-उतरते. तरी गोमती नगरच्या पहिल्या चौकात मी स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं. इंजिन एकसारख्या आवाजात, नव्या पट्ट्यावर छान चाललं होतं. आई समोर बघत होती. ना हळू म्हणाली, ना सांभाळून.

चौकात एक ई-रिक्षा आडवी आली. मी ब्रेक दाबला. आणि शेजारी पाहिलं, तर पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटातला आईचा उजवा पाय खालच्या रबरी मॅटवर घट्ट दाबलेला होता. रिक्षा निघून गेली, मी पाय काढला, आणि मग तिने काढला.